अल्झायमर रोग आणि मेंदूतील ग्राही संदेशवहन

अल्झायमर रोग हा मेंदूतील चेतापेशींचा हळूहळू ऱ्हास घडवून आणणारा आजार असून वृद्धापकाळातील स्मृतिभ्रंशाचे ते सर्वांत मोठे कारण आहे. चेतापेशी एकमेकींशी रासायनिक संदेशांनी बोलतात. हे संदेश स्वीकारणाऱ्या पेशीपृष्ठावरील प्रथिनांना ग्राही म्हणतात. अल्झायमरमध्ये हे ग्राही आणि त्यांच्यामागची पेशीअंतर्गत संदेशसाखळी कशी बिघडते, तो बिघाड रोगाचे कारण आहे की परिणाम, आणि तो औषधाने सावरता येतो का, या प्रश्नांचा अभ्यास गेली सुमारे पन्नास वर्षे चालू आहे. या आजारावर नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्या ग्राहींच्या पातळीवरच काम करतात. त्या लक्षणे काही काळ सौम्य करतात, परंतु मूळ ऱ्हास थांबवत नाहीत. असे का होते, हे समजण्यासाठी ग्राहींचे कार्य आणि त्यांवरील संशोधनाचा इतिहास पाहावा लागतो.

रोगाची ओळख

जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलोइस अल्झायमर यांनी फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात १९०१ साली दाखल झालेल्या आउगुस्ट डेटर या स्त्रीच्या विस्मरणाची आणि संभ्रमाची नोंद ठेवली होती. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथील सभेत आपली निरीक्षणे मांडली. पेशींच्या बाहेर साचलेल्या चकत्या आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता या दोन खुणा त्यांनी वर्णन केल्या. आज पहिलीला अमायलॉइड चकत्या व दुसरीला टाउ प्रथिनाचा गुंता म्हणतात. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरांचे नाव दिले.

या दोन खुणा डोळ्यांना दिसतात, म्हणून पुढील शंभर वर्षे संशोधकांचे लक्ष त्यांच्यावरच खिळून राहिले. मात्र १९९१ मध्ये रॉबर्ट टेरी व सहकाऱ्यांनी दाखवले, की रुग्णाची बुद्धी किती ढासळली आहे याचा सर्वांत जवळचा संबंध चकत्यांच्या संख्येशी नसून नष्ट झालेल्या चेतासंधींच्या संख्येशी असतो. चेतासंधी म्हणजे दोन चेतापेशींमधील ती सूक्ष्म फट, जिच्या एका काठावरून रासायनिक संदेश सुटतो आणि दुसऱ्या काठावरील ग्राही तो झेलतात.

ग्राही म्हणजे काय

पेशीच्या पृष्ठभागावर औषधाला प्रतिसाद देणारा काही खास पदार्थ असला पाहिजे, ही कल्पना केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँग्ली यांनी १९०५ मध्ये मांडली. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर एक साधा प्रयोग केला. एका हृदयाच्या चेतातंतूला उद्दीपित करून त्याभोवतीचे द्रावण त्यांनी दुसऱ्या हृदयावर सोडले, तेव्हा दुसऱ्याचेही ठोके मंदावले. संदेश द्रावणातून गेला होता, म्हणजे तो रासायनिक होता. त्या द्रव्याला पुढे ॲसिटिलकोलीन हे नाव मिळाले आणि लोवी यांना हेन्री डेल यांच्यासह १९३६ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

ग्राहींचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात ग्राही स्वतःच एक दार असते. संदेशद्रव्य चिकटले की दार उघडते आणि सोडियम, कॅल्शियम यांसारखे आयन आत शिरतात. हे काम सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकते. दुसऱ्या प्रकारातील ग्राही घंटेच्या बटणासारखे असते. बाहेर बटण दाबले की आतल्या बाजूला जी-प्रथिने जागी होतात, ती पुढच्या विकरांना चालना देतात आणि संदेश पायरीपायरीने पेशीच्या आत, कधीकधी थेट केंद्रकातील जनुकांपर्यंत पोहोचतो. हा मार्ग संथ असला तरी त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. स्मृती तयार होण्यासाठी दोन्ही लागतात.

ॲसिटिलकोलीन : धोतरा, फवारणी आणि गोळी

अल्झायमरमध्ये ग्राहीसंदेशाचा बिघाड सर्वप्रथम सापडला तो ॲसिटिलकोलीनच्या बाबतीत. १९७६ मध्ये पीटर डेव्हिस आणि ए. मॅलोनी यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन तयार करणाऱ्या विकराचे प्रमाण फार घटल्याचे दाखवून दिले. मेंदूच्या तळाशी असलेल्या ज्या लहानशा पेशीसमूहातून हे द्रव्य संपूर्ण बाह्यपटलाला पुरवले जाते, त्या पेशीच रुग्णांत मोठ्या संख्येने मरून गेलेल्या असतात, हे १९८० च्या दशकाच्या आरंभी स्पष्ट झाले.

या शोधाच्या दोन वर्षे आधी, १९७४ मध्ये, डेव्हिड ड्रॅकमन व जॅनेट लेव्हिट यांनी एक उद्बोधक प्रयोग केला होता. त्यांनी निरोगी तरुणांना स्कोपोलामाइन दिले. हे द्रव्य ॲसिटिलकोलीनच्या मस्करिनी ग्राहींवर बसते आणि खऱ्या संदेशाला जागा देत नाही. त्या तरुणांची नवे लक्षात ठेवण्याची क्षमता तेवढ्यापुरती वृद्धांसारखी झाली. महाराष्ट्रातील वाचकाला हे द्रव्य अपरिचित नाही. गावकुसाबाहेर उगवणाऱ्या आणि महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्यात स्कोपोलामाइन व ॲट्रोपिनच्या जातीची अल्कलॉइडे असतात. धोतऱ्याच्या बिया पोटात गेलेल्या माणसाची जीभ कोरडी पडते, बाहुल्या विस्फारतात, तो बरळू लागतो आणि शुद्धीवर आल्यावर मधला काळ त्याला आठवत नाही. ग्राही बंद पडल्यास स्मृतीचे काय होते, याचा हा पुरावा प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या डोळ्यांसमोर होता.

याच साखळीची दुसरी बाजू शेतकऱ्याच्या परिचयाची आहे. ॲसिटिलकोलीनचे काम झाले की ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर त्याचे लगेच तुकडे करते, अन्यथा संदेश थांबणारच नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके या विकराला कायमचे निकामी करतात. म्हणून फवारणीचे विष अंगात भिनलेल्या माणसाच्या तोंडातून लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास कोंडतो. त्याचे ग्राही अखंड संदेशाने बधिर झालेले असतात. ग्रामीण रुग्णालयात अशा रुग्णाला ॲट्रोपिनची इंजेक्शने देतात, ती हेच मस्करिनी ग्राही झाकण्यासाठी. धोतऱ्यात जे विष आहे, तेच येथे उतारा ठरते.

अल्झायमरच्या गोळ्या या दोन टोकांच्या मध्ये उभ्या आहेत. मेंदूत ॲसिटिलकोलीन कमी पडते, तर उरलेले तरी जास्त वेळ टिकावे, या विचाराने त्याच विकराला सौम्यपणे आणि तात्पुरते रोखणारी औषधे शोधली गेली. अमेरिकेत १९९३ मध्ये टॅक्रिनला पहिली मान्यता मिळाली, पण ते यकृताला घातक ठरले. १९९६ मध्ये जपानमधील एसाई कंपनीचे डोनेपेझिल, २००० मध्ये रिव्हास्टिग्माइन आणि २००१ मध्ये गॅलँटामाइन आले. रिव्हास्टिग्माइन रासायनिकदृष्ट्या कार्बामेट आहे, म्हणजे काही कीटकनाशकांचे दूरचे भावंड. गॅलँटामाइन हे स्नोड्रॉप या युरोपीय फुलझाडाच्या कुळातून आलेले आहे. या औषधांमुळे मळमळ, जुलाब, भूक मंदावणे किंवा नाडी मंद होणे असे त्रास होतात, कारण ॲसिटिलकोलीनचे ग्राही आतड्यात आणि हृदयातही असतात. गोळी फक्त मेंदूतल्या ग्राहींपाशी जात नाही.

या उपचाराची मर्यादा त्याच्या तर्कातच आहे. औषध उरलेल्या पेशींचा आवाज मोठा करते. पेशी मरत गेल्या की मोठा करायला आवाजच उरत नाही. दुसरी एक व्यावहारिक बाब मात्र अनेकदा दुर्लक्षिली जाते. सर्दीच्या काही जुन्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिन आणि लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिले जाणारे ऑक्सिब्युटिनिन ही औषधे मस्करिनी ग्राही काही प्रमाणात झाकतात. डोनेपेझिल घेणाऱ्या वृद्धाला ही सोबत दिली, तर एक हात दार उघडतो आणि दुसरा लावून घेतो. काही वृद्धांचा संभ्रम केवळ अशी औषधे बंद केल्यानेही कमी होतो.

ग्लुटामेट आणि एनएमडीए ग्राही

मेंदूतील बहुसंख्य उत्तेजक संदेश ग्लुटामेट या द्रव्यातून जातात. त्याच्या अनेक ग्राहींपैकी एनएमडीए ग्राहीचे स्मृतीशी असलेले नाते विशेष आहे. या ग्राहीच्या दारात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. समोरच्या पेशीकडून ग्लुटामेट येणे आणि त्याच वेळी स्वतःची पेशी आधीच उत्तेजित असणे, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच बूच निघते आणि कॅल्शियम आत जातो. दोन घटना एकाच वेळी घडल्या, हे ओळखणारे असे हे ग्राही आहे. आणि शिकणे म्हणजे बऱ्याच अंशी दोन गोष्टींची सांगड घालणेच. आत गेलेल्या कॅल्शियममुळे ती चेतासंधी बळकट होते. संधी बळकट होण्याची ही घटना टिम ब्लिस आणि टेर्‍ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नोंदवली होती.

अल्झायमरमध्ये या यंत्रणेत दुहेरी बिघाड होतो. अमायलॉइड बीटा या पेप्टाइडचे लहान, विरघळलेले पुंजके चेतासंधीवर आले की काही ग्लुटामेट ग्राही पृष्ठभागावरून आत ओढले जातात आणि संधी बळकट होण्याची प्रक्रिया अडते. त्याच वेळी फटीत ग्लुटामेट साचून राहते, ग्राही सतत अर्धवट उघडे राहतात आणि कॅल्शियमची संथ गळती पेशीला हळूहळू मारते. येथे संदेश एकाच वेळी क्षीण आणि गोंगाटपूर्ण होतो. मेमँटिन हे औषध या गोंगाटावर योजलेले आहे. ते एनएमडीए ग्राहीच्या उघड्या दारात सैलसर अडकते. संथ गळती रोखते, पण खरा, जोरकस संदेश आला की चटकन बाजूला होते. युरोपात २००२ मध्ये व अमेरिकेत २००३ मध्ये मध्यम ते तीव्र अल्झायमरसाठी त्याला मान्यता मिळाली. त्याचाही उपयोग मर्यादितच आहे.

अमायलॉइडचे पुंजके चेतापेशीवर नेमके कशाला चिकटतात, हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. २००९ मध्ये येल विद्यापीठातील स्टीफन स्ट्रिटमॅटर यांच्या गटाने प्रायॉन प्रथिन हे असे एक ग्राही असल्याचे दाखवले आणि पुढे ग्लुटामेटच्या एमग्लुआर५ या ग्राहीमार्फत संदेश आत जातो, असे मांडले. इतर प्रयोगशाळांनी इतर दावेदार पुढे केले आहेत. या क्षेत्रात सावधगिरी का लागते, याचे उदाहरणही येथेच आहे. एका विशिष्ट अमायलॉइड पुंजक्यामुळे स्मृती जाते, असे सांगणारा २००६ चा गाजलेला शोधनिबंध चित्रांमध्ये फेरफार आढळल्याने २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. पुंजके विषारी असतात ही कल्पना त्या एका निबंधावर उभी नव्हती, तरी त्या निबंधाचा आधार घेत झालेल्या कामाकडे पुन्हा पाहणे भाग पडले.

ग्राहीसारखे दिसणारे पूर्वगामी प्रथिन

अमायलॉइड बीटा हे पेप्टाइड एका मोठ्या प्रथिनाचा तुकडा आहे. त्या प्रथिनाला अमायलॉइड पूर्वगामी प्रथिन, संक्षेपाने एपीपी, म्हणतात. त्याचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर असते. डाउन संलक्षणात हे गुणसूत्र तीन प्रतींत असल्याने अशा व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीतच अमायलॉइड साचते. १९८७ मध्ये या प्रथिनाची रचना पहिल्यांदा प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ते पेशीपृष्ठावरील ग्राहीसारखे दिसते, असे म्हटले होते. मोठा भाग पेशीबाहेर, एक फेरा पेशीपटलातून आणि लहानसे शेपूट आत, अशी त्याची ठेवण आहे. हे निरीक्षण पुढची अनेक वर्षे मागे पडले, कारण सर्वांचे लक्ष बाहेर साचणाऱ्या तुकड्याकडे होते. १९९२ मध्ये जॉन हार्डी व जेरल्ड हिगिन्स यांनी मांडलेल्या अमायलॉइड गृहीतकानुसार बीटा तुकड्याचे साचणे हीच रोगाची सुरुवात, आणि टाउचा गुंता, पेशींचा मृत्यू व स्मृतिभ्रंश हे तिचे परिणाम ठरले.

एपीपीचे तुकडे करणाऱ्या विकरांपैकी शेवटचे गॅमा सिक्रिटेज. त्याने कात्री चालवली की एकाच वेळी दोन तुकडे सुटतात: बाहेर अमायलॉइड बीटा आणि पेशीच्या आत शेपटाचा तुकडा, ज्याला एआयसीडी असे संक्षिप्त नाव आहे. हेच विकर नॉच या ग्राहीचेही तुकडे करते, आणि नॉचचा आतला तुकडा केंद्रकात जाऊन जनुके चालू करतो, हे आधीपासून ठाऊक होते. मग एपीपीचा आतला तुकडाही असाच संदेशवाहक असेल का, हा प्रश्न ओघाने आलाच.

संजय पिंपळीकर यांचे संशोधन

या प्रश्नावर दीर्घकाळ काम करणाऱ्यांत अमेरिकेतील चेतावैज्ञानिक संजय पिंपळीकर यांचे नाव घेतले जाते. पेशीच्या आत प्रथिने योग्य ठिकाणी कशी पोहोचतात, हा त्यांचा सुरुवातीचा विषय. हायडेलबर्ग येथील युरोपीय आण्विक जीवशास्त्र प्रयोगशाळेतील काई सायमन्स यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या वाहतुकीवर जी-प्रथिनांचे नियंत्रण असल्याचे दाखवले होते. ग्राहींचे निरोप आत नेणारी जी-प्रथिने ती हीच. पुढे क्लीव्हलँड शहरातील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात व नंतर क्लीव्हलँड क्लिनिकच्या लर्नर संशोधन संस्थेत त्यांनी एपीपीचा अभ्यास केला.

२००१ मध्ये पिंपळीकर आणि त्यांचे सहकारी गाओ यांनी एपीपीचा आतला तुकडा केंद्रकापर्यंत संदेश नेतो, असे प्रायोगिक पुराव्यानिशी मांडले. त्याच वर्षी शिनवेई काओ आणि पुढे नोबेल मिळवणारे थॉमस स्युडहॉफ यांनीही हा तुकडा एफई६५ व टिप६० या प्रथिनांच्या साथीने जनुकांच्या कामात हात घालत असल्याचे दाखवले. म्हणजे १९८७ च्या शीर्षकातील शंका अगदीच वाऱ्यावरची नव्हती.

त्यानंतर पिंपळीकर यांच्या गटाने उंदीर वापरले. मेंदूत एआयसीडी आणि एफई६५ जास्त प्रमाणात तयार होईल असे जनुकीय बदल या उंदरांत केले होते. २००५ मध्ये त्यांच्यात जीएसके-३ हे विकर अधिक सक्रिय असल्याचे आढळले. हेच विकर टाउ प्रथिनाला फॉस्फेट जोडते, आणि अति-फॉस्फेट जोडलेले टाउच पुढे गुंत्यात सापडते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या उंदरांच्या वाढत्या वयाबरोबर टाउचे साचणे, चेतापेशींचा ऱ्हास आणि कार्यकारी स्मृतीतील दोष नोंदवले गेले. जीएसके-३ ला रोखणारे लिथियम दिल्यावर स्मृतीतील दोष टळला. अल्झायमरच्या रुग्णांच्या मृत्यूत्तर मेंदूंतही एआयसीडीचे प्रमाण वाढलेले दिसले. अमायलॉइड बीटा वाढवले नसतानाही रोगाची इतकी लक्षणे दिसावीत, हा या निबंधाचा खरा धक्का होता. त्याच वर्षी पिंपळीकर यांनी स्वतंत्र समीक्षालेखात अमायलॉइड गृहीतकाची फेरतपासणी करण्याची मागणी केली, आणि २०१० मध्ये इतर चार संशोधकांसह अमायलॉइडखेरीज असलेल्या कारणांचा आढावा घेतला.

या निष्कर्षांना आव्हानही लगेच मिळाले. २०१० मध्ये लुका जिलिबर्तो, लुचानो दादामिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच उंदीर तपासून त्यांच्यात अल्झायमरसदृश लक्षणे उमटत नाहीत, असा निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांत १९७६ च्या ॲसिटिलकोलीनच्या शोधातील पीटर डेव्हिस हेही होते. एआयसीडीमुळे नेमकी कोणती जनुके चालू किंवा बंद होतात, याबाबतही वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळले नाहीत. हा तुकडा पेशीत अतिशय अल्पकाळ टिकतो, त्यामुळे त्याचे मोजमाप कठीण जाते. आणि एखादे प्रथिन कृत्रिमरीत्या वाढवलेल्या उंदरात जे दिसते, ते माणसाच्या मेंदूत नैसर्गिक प्रमाणात घडतेच असे नाही. वाद मिटलेला नाही. तरीही या संशोधनाचे मोल एका घटनेने अधोरेखित केले. गॅमा सिक्रिटेज रोखून अमायलॉइड बीटा कमी करणारे सेमागेसेस्टॅट हे औषध २०१० मध्ये अंतिम टप्प्यातील चाचण्यांतून मागे घ्यावे लागले, कारण ते घेणाऱ्या रुग्णांची बुद्धी बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक ढासळली आणि त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाणही वाढले. एका तुकड्याला रोखताना त्याच कात्रीने चालणारे नॉच व इतर ग्राहींचे संदेशही बंद पडतात, हे कागदावर माहीत होते. रुग्णांत ते प्रत्यक्ष दिसले.

मायक्रोग्लिया : पुण्यातील संशोधन

अलीकडच्या संशोधनाचा रोख चेतापेशींइतकाच मायक्रोग्लियाकडे आहे. या मेंदूतील रक्षक पेशी; कचरा गिळणे, जखम शोधणे ही त्यांची कामे. त्यांच्या पृष्ठावरील ट्रेम२ या ग्राहीच्या जनुकातील एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने वाढवतो, असे २०१२-१३ मध्ये दोन स्वतंत्र गटांना आढळले. त्यानंतर ग्राहीसंशोधनाला नवे क्षेत्र खुले झाले.

पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुभाषचंद्रबोस चिन्नथंबी यांच्या गटाने टाउ प्रथिन आणि मायक्रोग्लियावरील पी२वाय१२ या ग्राहीचे नाते अभ्यासले. या ग्राहीच्या साहाय्याने मायक्रोग्लिया इजा झालेल्या पेशीतून सुटणाऱ्या एडीपी या द्रव्याचा माग काढत तिच्याकडे सरकतात. रश्मी दास व चिन्नथंबी यांच्या प्रयोगांत बाहेर पडलेले टाउचे पुंजके या ग्राहीमार्फत मायक्रोग्लियाला हालचालीस प्रवृत्त करताना आणि तिचा ॲक्टिन तंतूंचा सांगाडा बदलताना दिसले. रोगात टाउ एका पेशीतून दुसरीकडे पसरते. ते वाटेतच गिळले जाते की गिळणारी पेशीच त्याला पुढे नेते, हा यातील कळीचा मुद्दा आहे. चिन्नथंबी यांनी नंतर बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत काम सुरू केले. हृदयविकाराच्या रुग्णांना रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिले जाणारे क्लोपिडोग्रेल रक्तबिंबिकांवरील याच पी२वाय१२ ग्राहीला बंद करते, ही गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांचे काम थेट अल्झायमरवर नाही, परंतु ग्राही आणि चेतापेशींचे आयुष्य यांच्या संबंधावर ते प्रकाश टाकते. त्यांनी व उल्लास कोल्थूर-सीताराम यांनी सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये दाखवले, की सेरोटोनिन त्याच्या ५-एचटी२ए ग्राहीमार्फत बाह्यपटलातील चेतापेशींमध्ये नवी मायटोकाँड्रिया तयार करवते आणि पेशींना ताण सोसण्यास मदत करते.

ग्राहींवरील इतर औषधे आणि प्रतिपिंडे

ॲसिटिलकोलीन वाढवण्याऐवजी योग्य तेवढेच ग्राही थेट जागे करावे, हा विचार जुना आहे. झॅनोमेलिन हे एम१ व एम४ मस्करिनी ग्राहींना चालना देणारे औषध १९९० च्या दशकात अल्झायमरच्या रुग्णांवर तपासले गेले. संभ्रम आणि भास यांत सुधारणा दिसली, पण पोटाच्या त्रासामुळे अनेकांनी ते सोडले. पुढे मेंदूत न शिरता शरीराच्या इतर भागांतील ग्राही झाकणाऱ्या ट्रोस्पियमशी त्याची जोडी लावण्यात आली आणि २०२४ मध्ये अमेरिकेत या जोडीला छिन्नमनस्कतेसाठी मान्यता मिळाली. सेरोटोनिनच्या ५-एचटी६ ग्राहीला रोखणारे इडालोपिर्डिन अल्झायमरच्या मोठ्या चाचण्यांत निरुपयोगी ठरले.

चकत्या धुऊन काढणारी प्रतिपिंडे हा वेगळा मार्ग. १,७९५ रुग्णांवरील चाचणीत लेकानेमॅबने १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी केला. १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक ०.४५ गुणाचा होता. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला व २०२४ मध्ये डोनानेमॅबला मान्यता मिळाली. मेंदूला सूज येणे व बारीक रक्तस्राव हे त्यांचे धोके असून त्यासाठी वारंवार एमआरआय करावा लागतो. अमायलॉइड गृहीतकाचे समर्थक या निकालाला पुरावा मानतात. टीकाकार म्हणतात, की चकत्या जवळजवळ नाहीशा होऊनही ऱ्हास चालूच राहिला. दोन्ही विधाने एकाच आकडेवारीवर उभी आहेत.

निदानाचा प्रश्न

भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने दिला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण जास्त आढळले. मुंबईत २४,४८८ व्यक्तींच्या पाहणीवर आधारलेल्या २००१ च्या अभ्यासात ६५ वर्षांवरील प्रमाण २.४४ टक्के आले होते. या दोन आकड्यांतील सगळी तफावत रोग वाढल्यामुळे आहे, असे मानता येत नाही. वयोगट, निकष आणि विचारलेले प्रश्नही वेगळे होते.

प्रश्न कसे विचारले जातात याला येथे फार महत्त्व आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या स्मृतिचाचणीत शंभरातून सात-सात वजा करायला, वाक्य लिहायला आणि आकृती काढायला सांगतात. नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या सीमेवर असलेल्या सुरगाण्यासारख्या आदिवासीबहुल तालुक्यात शाळेत कधीच न गेलेली, घरात कोकणा बोली बोलणारी सत्तरीची स्त्री या चाचणीत नापास होईल, तिचा मेंदू कितीही निरोगी असला तरी. हरयाणातील बल्लभगड परिसरातील निरक्षर वृद्धांसाठी १९९० च्या दशकात हिंदीतून वेगळी चाचणी तयार करण्यात आली, ती याच अडचणीमुळे. तिच्यात लिहिण्या-वाचण्याचे प्रश्न काढून रोजच्या जगण्यातले प्रश्न घातले गेले.

सुरगाण्यातील अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जातात आणि म्हातारी माणसे नातवंडांसह मागे राहतात. नेहमीच्या पायवाटेवर चुकणे, चुलीवर भाकरी विसरणे, पेरणीचा क्रम उलटापालटा होणे या खुणा तेव्हा पाहायला घरात कोणी नसते. दिसल्या तरी त्या वयाच्या खाती जमा होतात. डोनेपेझिलचा उपयोग होण्यासाठी ॲसिटिलकोलीन सोडणाऱ्या काही पेशी जिवंत असाव्या लागतात, आणि लेकानेमॅब तर केवळ आरंभीच्या टप्प्यातील रुग्णांसाठीच आहे. थायरॉइडची कमतरता, बी१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य किंवा वर सांगितलेली ग्राही झाकणारी औषधे यांमुळे आलेले विस्मरण वेळीच ओळखले तर पुष्कळदा सुधारते. त्यांतील पहिल्या दोन कारणांसाठी साधी रक्ततपासणी, तर शेवटच्यासाठी रुग्ण घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांसमोर ठेवणे पुरते.